तळ कुरकुरीत हवा : तिखटमिठाच्या पेस्ट्रीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

प्रकल्प असा : घरच्या छोट्या ओव्हनमध्ये सारण भरलेली तिखटमिठाची पेस्ट्री करायची. पारी तीन-चार तऱ्हांची, पण प्रत्येकीचा तळ कोरडा, तांबूस आणि उचलल्यावर न वाकणारा हवा. वरची बाजू फुलवणं त्या मानाने सोपं असतं. वरून रंग आला की सगळं झालंय असं वाटतं आणि खाली पीठ कच्चं, चिकट राहून गेलेलं असतं. भाजीचं सारण असलं की पाणी भरपूर, त्यामुळे पहिला बिघडतो तो तळच. म्हणून पेस्ट्री जमली की नाही हे या वेळी उलटी करूनच ठरवायचं.

आज चाचणीला ओव्हन लावला तर खालची कॉइल तापतच नाही. दुरुस्तीवाले काका संध्याकाळी येऊन बघून गेले. "खालचं एलिमेंट गेलंय ताई, भाग मागवावा लागेल. तोवर वरच्यावर भागवा." वरची कॉइल आणि थर्मोस्टॅट चालू आहे. भाग कधी येईल ते त्यांनाही सांगता येईना.

प्रकल्प थांबवत नाही. खालची उष्णता कुठून आणायची हाच आता त्यातला मोठा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर मला हा प्रश्न आवडला आहे. चांगला ओव्हन हाताशी असताना तळ का शिजतो याचा विचार कोणी करत नाही.

५ फेब्रुवारी

आज भाजलं काहीच नाही. ओव्हनची ओळख करून घेतली.

साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे थर्मामीटर नसला तरी तिच्यावरून ओव्हन तपासता येतो. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर घालून मधल्या जाळीवर ठेवली. बटण १७५ वर असताना पंधरा मिनिटांत साखर वितळायला नको, १९० वर असताना वितळायला हवी. १७५ ला ती कोरडी राहिली, ते बरोबर. पण १९० लाही तशीच. २१० ला कुठे कडा पाणावल्या. म्हणजे मधल्या जाळीवर बटणावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात वीसेक अंश कमी मिळतात. यापुढच्या नोंदींत ओव्हनचे अंश लिहीन ते हा फरक धरून, बटणावरचे नाहीत.

मग पूर्ण जाळीवर पावाचे स्लाइस मांडले आणि आठ-दहा मिनिटं ठेवले. मागचा डावा कोपरा गडद तपकिरी, पुढची रांग जवळजवळ पांढरी. खालच्या बाजू सगळ्यांच्याच कोऱ्या. हा नकाशा कागदावर काढून ओव्हनशेजारी चिकटवला आहे. निम्म्या वेळेनंतर ट्रे फिरवायचा हे आता नक्की.

८ फेब्रुवारी

पहिली पारी शॉर्टक्रस्टची. मैदा २५० ग्रॅम, थंड बटर १२५ ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, गार पाणी चार-पाच मोठे चमचे. वजनात मैद्याच्या निम्मं मोहन हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आणि भरवशाचं आहे. बटर बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळवे लावायचे नाहीत, कारण तळव्याची ऊब जास्त. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि हात त्याच्याच जवळपास असतो. पिठाला रव्याचं रूप आलं, मधेमधे वाटाण्याएवढे तुकडे राहिले, की थांबायचं. पाणी घालून गोळा जेमतेम एकत्र करायचा. मळायचा नाही. मळलं की मैद्यातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, पाण्यात एकमेकांना धरून ग्लुटेनचं जाळं करतात आणि पारी चिवट होते. गोळा तासभर फ्रिजमध्ये.

आता तळ. पिठातला स्टार्च ६० अंशांच्या आसपास फुगून शिजायला लागतो. पण जोवर तिथे पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही, आणि तांबूस रंग व भाजल्याची चव देणारी रासायनिक क्रिया जोर धरते ती साधारण १४० च्या पुढे. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा तळ आधी कोरडा झाल्याशिवाय त्याला रंग येणार नाही, आणि सारणाचं पाणी खाली उतरलं तर तो कोरडा होणार नाही. पहिली काही मिनिटं ही शर्यत असते. तळाला अगदी सुरुवातीला जोरदार उष्णता मिळाली पाहिजे. नंतर कमी मिळाली तरी चालतं.

ती उष्णता गॅसवरून आणली. बिडाचा जाड तवा मोठ्या आचेवर तापवला. तवा किती तापला ते पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब चरचरून तिथेच आटला तर तवा अजून कमी तापलेला. थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे पळायला लागला की तवा २०० अंशांच्या आसपास पोचलेला असतो. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तो त्याला तव्यापासून वर उचलून धरतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये याचं वर्णन करून ठेवलं आहे. थेंब पळायला लागला की तवा कोरड्या जाड हातमोज्यांनी उचलून ओव्हनच्या खालच्या जाळीवर ठेवला आणि त्यावर पेस्ट्रीचा पातळ ट्रे. हातमोजे कोरडेच हवेत. ओल्या कापडातून उष्णता हाताला क्षणात पोचते, वाफेने भाजतं ते वेगळंच.

पहिल्या खेपेला वरची बाजू आधी तांबूस झाली, कारण चालू कॉइल एकटी वरची. दुसऱ्या खेपेला सगळ्यात वरच्या जाळीवर रिकामा ट्रे आडोसा म्हणून ठेवला आणि शेवटची आठ मिनिटं काढून घेतला. २०० अंश, एकूण अठ्ठावीस मिनिटं.

तळ बघितला. मध्यभागी सोनेरी, कडेला तांबूस, नख मारलं तर टकटक आवाज. तव्यावरचा ट्रे बारा मिनिटांनी एकदा काढून तवा दोन मिनिटं पुन्हा गॅसवर तापवला तर मध्यभागही कडेइतकाच भाजला जातो. ओव्हनचं दार मात्र पटकन लावायचं.

९ फेब्रुवारी

ट्रेबद्दल. चकचकीत जाड ट्रेवर तळ फिका, जुन्या काळवंडलेल्या पातळ ट्रेवर गडद. गडद पृष्ठभाग कॉइलची उष्णता जास्त शोषतो, चकचकीत ती परतवतो. शिवाय पातळ अ‍ॅल्युमिनियममधून तव्याची उष्णता लगेच वर पोचते. काळा ट्रे घासून चकचकीत करायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. काचेचं भांडं तापलेल्या तव्यावर कधीच ठेवायचं नाही, तडकतं.

१३ फेब्रुवारी

आज सारणाचा दिवस. माझ्या मते तळाची निम्मी लढाई इथेच असते आणि नेमकं इथेच सगळे घाई करतात.

मशरूममध्ये सुमारे ९२ टक्के पाणी, पालकात ९१, कांद्यात ८९, टोमॅटोत ९४-९५, बटाट्यात जेमतेम ७९. हे आकडे समोर ठेवले की कोणत्या भाजीचं काय करायचं ते आपोआप ठरतं. मशरूम चिरून आधी कोरड्याच कढईत टाकायचे, तेल नाही, मीठ थोडं. पाणी सुटतं, आटतं, मशरूम आकसतात आणि कढईला चिकटू लागतात. त्या वेळी बटर किंवा तेल घालायचं. आधी घातलं तर सुटलेल्या पाण्यात ते उकळत राहतात आणि भाजल्याची चव येत नाही. कांदा मंद आचेवर, अर्ध्यावर येईपर्यंत. टोमॅटो पेस्ट्रीत मी ताजा घालणारच नाही. घालायचा तर आटवून घट्ट केलेला, चमचाभर, चवीपुरता.

पालक गोठवलेल्या पाकिटातला होता. गोठताना बर्फाच्या कणांनी पानांच्या पेशी फाटतात, त्यामुळे वितळल्यावर तो सगळं पाणी सोडून देतो. आपल्याला ते सोयीचंच. स्वच्छ पंचात घेऊन पिळला, पुन्हा पिळला, मोठ्या पाकिटाचा मूठभर गोळा झाला. हिरवं पाणी टाकलं नाही, बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. एखाद्या पारीत वापरून बघायचं आहे.

मधेच मिठाच्या बरणीचं झाकण निसटलं आणि पालक-बटाट्याच्या सारणात मिठाचा ढीग पडला. वरचं जेवढं कोरडं होतं तेवढं चमच्याने काढलं, तरी सारण खारटच. अशा वेळी कच्चा बटाटा घालून नंतर काढून टाका, तो मीठ शोषतो, असं सांगतात. बटाटा खारट पाणी शोषतो हे खरं, पण उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो. उपाय एकच, सारण वाढवणं. बिनमिठाचा उकडलेला बटाटा कुस्करून जवळपास दुप्पट घातला, पिळलेला पालक आणखी घातला, चीज पूर्ण वगळलं कारण त्यात स्वतःचं मीठ असतं. मिऱ्याची पूड आणि लिंबाचा रस. सारणाच्या वजनाच्या एक टक्का मीठ मला योग्य वाटतं, त्याच्या आसपास आणलं. बटाटा वाढल्यामुळे सारण आधीपेक्षा कोरडं झालं आणि आजच्या पेस्ट्रीचा तळ आतापर्यंतचा सगळ्यात खुटखुटीत आला. पुढच्या वेळी बटाट्याचं प्रमाण मुद्दाम वाढवणार.

सारण भरताना गारच हवं. कोमट सारणाने पारीतलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं आणि पिठात मुरतं. परातीत पातळ पसरलं की वीस मिनिटांत गार होतं. गार झाल्यावरही ओट्यावर रेंगाळू द्यायचं नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम मी काटेकोर पाळते.

एक भर : सारणाखाली चमचाभर भाजलेला ब्रेडचा चुरा पसरला की उरलंसुरलं पाणी तो धरतो. उघड्या टार्टसाठी पारी आधी रिकामीच भाजायची. काट्याने टोचे मारून, वर बटर पेपर आणि त्यावर कोरडे तांदूळ वजनाला, १९० अंशांवर पंधरा मिनिटं, मग तांदूळ काढून आणखी सहा-सात. शेवटी आतून अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून दोन मिनिटं. पांढरं घट्ट होऊन एक पातळ पडदा तयार होतो आणि सारणाचं पाणी खाली झिरपत नाही.

१७ फेब्रुवारी

घड्यांची पारी, म्हणजे रफ पफ. मैदा २५० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, गार पाणी साधारण १२० मिली आणि चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगरमुळे रात्रभर ठेवलेलं पीठ करडं पडत नाही. बटरचे सुपारीएवढे तुकडे पिठात तसेच ठेवायचे, चोळायचे नाहीत, आणि लाटून घड्या घालत जायच्या. एका घडीत तीन पदर. दुसऱ्या घडीत नऊ, तिसरीत सत्तावीस, चौथीत ८१. अस्सल पफ पेस्ट्रीत अशा सहा घड्या घालून ७२९ पर्यंत जातात. रफ पफमध्ये बटर सलग थरात नसतं, म्हणून चारवर थांबणं बरं. जास्त लाटलं तर पदर एकमेकांत मिसळतात.

फुलतं कशामुळे, तर पाण्यामुळे. बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १७०० पट जागा मागते. वितळलेल्या बटरने वेगळे ठेवलेले पदर ही वाफ उचलते. त्यासाठी लाटताना बटर ना कडक ना तेलकट, १५ अंशांच्या आसपास हवं. फार थंड असलं तर पदरात तुकडे पडतात, २० च्या वर गेलं की पिठात मुरायला लागतं.

दुसरी घडी झाली आणि वीज गेली. बाहेर रखरखीत ऊन, स्वयंपाकघर तापलेलं. फ्रिज न उघडता ठेवला तर साधारण चार तास गार राहतो, पण प्रत्येक घडीनंतर पीठ आत ठेवायचं तर तो उघडावाच लागणार. म्हणून एकदाच उघडला. बर्फाचे सगळे ट्रे बाहेर काढले आणि दार लावून टाकलं. स्टीलच्या खोल ट्रेमध्ये बर्फ आणि थोडं पाणी, त्यावर दुसरा ट्रे, त्यावर गुंडाळलेलं पीठ, आणि सगळ्यावर जाड टॉवेल. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान शून्यावर टिकतं. पहिल्यांदा बर्फात मूठभर मीठ टाकलं होतं. त्याने तापमान शून्याच्या बरंच खाली गेलं, पिठाच्या कडा दगड झाल्या आणि लाटताना बटर तडकलं. नुसता बर्फ आणि पाणी पुरेसं आहे.

यातच लाटण्याची मूठ निखळली. काचेची सरळ बाटली धुऊन, बर्फाचं पाणी भरून, घट्ट बूच लावून लाटली. गार बाटलीने उलट सोय झाली, बटर वरून मऊ पडेना. ती आता लाटण्याच्या शेजारीच ठेवली आहे.

चौथी घडी होईपर्यंत वीज आली नव्हती. ओव्हन नाही, पीठ फार वेळ थांबणार नाही, म्हणून गॅस. पीठ पातळ लाटून लहान चौकोन कापले, गार सारण ठेवून त्रिकोणी घडी घातली. कडा बोटाने दाबायच्या पण कापलेल्या बाजूला अंड्याचा हात लागू द्यायचा नाही, नाहीतर पदर चिकटतात आणि उघडत नाहीत. जाड बुडाचं पातेलं झाकण लावून दहा मिनिटं तापवलं, त्यात कडं आणि कड्यावर पेस्ट्रीची ताटली. झाकण लावून मध्यम आच. वाफ कोंडून राहिली तर वरची बाजू ओलसर राहते, म्हणून झाकणाच्या कडेला चमचा अडकवून फट ठेवली.

बावीस मिनिटांनी तळ सुरेख भाजला होता. पदर फुलले, वेगवेगळे दिसत होते. वरची बाजू मात्र पांढरी. तासाभराने वीज आली तेव्हा तेच वरच्या कॉइलखाली सहा मिनिटं ठेवले आणि रंग आला. खालून गॅस, वरून ओव्हन, दोन टप्प्यांत केलं तरी पेस्ट्री बिघडत नाही. फक्त पहिल्या टप्प्यात तळाचं भाजणं पूर्ण व्हायला हवं.

१८ फेब्रुवारी

कालच्या पिठाच्या कातरणी उरल्या होत्या. गोळा करून मळल्या तर घड्या मोडतात, म्हणून एकावर एक रचून दाबल्या, अर्धा तास गार केल्या, लाटल्या. फुलल्या कमी, पण चीज आणि मिरपूड भुरभुरून पट्ट्या कापल्या तर कुरकुरीत काड्या झाल्या. मीठ घातलेल्या बर्फामुळे बटर तडकलेला जो भाग होता तोही यातच गेला.

२१ फेब्रुवारी

बटर अपुरं. उरलेलं साठ-सत्तर ग्रॅमच आणि पारी करायची होती. तूप होतं.

तुपात पाणी जवळजवळ नसतंच. त्यामुळे बटरच्या जागी तेवढंच तूप घातलं तर पारी तुपकट आणि ठिसूळ होते. हिशोब असा : १०० ग्रॅम बटर म्हणजे साधारण ८० ग्रॅम स्निग्धांश आणि १६ ग्रॅम पाणी. तेव्हा त्याजागी ८० ग्रॅम तूप घ्यायचं आणि भिजवायच्या पाण्यात एक मोठा चमचा वाढवायचा. तूप फ्रिजमध्ये घट्ट करून किसणीवर किसलं. उरलेलं बटर वेगळं ठेवून एका घडीत पसरलं, म्हणजे निदान थोडे पदर सुटतील.

पारी रवाळ झाली, पदर नावालाच. पण तळ भक्कम. स्निग्धांश पिठाच्या कणाकणाला लागला की पाणी आत शिरत नाही, त्यामुळे ओलसर सारणासाठी हीच पारी मी आता आधी निवडेन. तेलाची पारीही याच कारणाने तळाला चांगली, फक्त खाताना भुगा जास्त होतो.

२५ फेब्रुवारी

गरम पाण्याची पारी. उकाडा इतका की गार बटर सांभाळण्यात अर्थ नव्हता, आणि या पारीला गारवा लागतच नाही.

मैदा ३०० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. १३० मिली पाणी आणि १०० ग्रॅम तूप-बटर मिळून उकळायचं आणि उकळतंच मैद्यात ओतायचं. आधी चमच्याने, मग हाताला सोसेल तसं मळायचं. गरम पाण्याने थोडा स्टार्च लगेच शिजतो, ग्लुटेनचं जाळं कमी बनतं, आणि पीठ मातीच्या गोळ्यासमान वळतं व उभं राहतं. इंग्लंडमधली मेल्टन मोब्रेची पाई याच जातीच्या पारीची. ती साच्याशिवाय, हाताने उभी करून भाजतात, म्हणून तिच्या भिंती पोटाशी फुगलेल्या दिसतात.

साच्याशिवाय हे वाचून धीर आला होता, कारण सुट्या बुडाच्या टिनाची कडी वाकून बसली आहे. पीठ कोमट असतानाच काचेच्या जाड बरणीला बाहेरून पीठ लावलेलं पारीचं भांडं करून घेतलं, तासभर गार केलं, मग बरणी हलक्या हाताने फिरवून बाहेर काढली. बरणीला आधी कोरडा मैदा चोळून बटर पेपरची पट्टी गुंडाळली होती, त्यामुळे ती सहज सुटली. भाजताना भिंती पसरू नयेत म्हणून बाहेरून दुहेरी बटर पेपर बांधला आणि शेवटची पंधरा मिनिटं सोडला.

पाण्याच्या जागी फ्रीझरमधलं पालकाचं पाणी वापरलं. भाजल्यावर हिरवा रंग बराचसा ऑलिव्हकडे झुकला, चवीत पालक कळतो. मला आवडलं.

झाकणाला मधोमध भोक हवंच. वाफेला वाट नसेल तर ती कडा फोडून बाहेर येते किंवा आतच पाणी होऊन तळाला उतरते. २०० अंशांवर वीस मिनिटं, मग १७० वर चाळीस. ही जाड पारी आहे, तवा दोनदा पुन्हा तापवावा लागला.

कडेला मुरड घातली. कॉर्निश पेस्टीची, म्हणजे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या सारण भरून दुमडलेल्या पेस्ट्रीची, मुरड बाजूने असावी लागते. त्या नावाला २०११ मध्ये युरोपियन संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं तेव्हा तसं नोंदलेलं आहे. वरून मुरड घातलेली पेस्टी त्या नावाने विकता येत नाही. माझ्या पाईला तो नियम लागत नाही, पण बाजूची मुरड खरोखर जास्त घट्ट बसते. हे करून बघितल्यावरच पटलं.

१ मार्च

शू पेस्ट्री, चीज घालून. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या गुझेर या चीजच्या गोळ्यांचं हेच पीठ. यात बटर गार ठेवायची भानगड नाही, घड्या नाहीत, लाटणं नाही.

पाणी २५० मिली, बटर १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, अंडी चार. पाणी-बटर उकळून मैदा एकदम घालायचा आणि आचेवरच ढवळत गोळा कोरडा करायचा, पातेल्याच्या बुडाशी पातळ पापुद्रा धरेपर्यंत. मग थोडं निवू द्यायचं, नाहीतर अंडी शिजतात. अंडी एकेक फेटून.

एक अंडं ओट्यावरून गडगडत खाली गेलं. उरली तीन. दूध घालून भागवता आलं असतं, पण अंड्याच्या प्रथिनांनीच फुगलेली भिंत घट्ट होते, दूध ते काम करत नाही. म्हणून शिजलेल्या गोळ्यातला चौथा हिस्सा वजन करून बाजूला काढला आणि तीन अंड्यांचं प्रमाण बरोबर राखलं. बाजूच्या गोळ्यात मैदा, मीठ आणि जिरे मळून त्याच्या चकत्या तव्यावर भाजल्या, त्याही संपल्या. शेवटचं अंडं नेहमी पूर्ण घालायचं नाही. चमचा उचलला की पीठ त्रिकोणी पडद्याने लोंबत राहिलं तर झालं.

पाइपिंग बॅगची शिवण उसवली. दोन ओल्या चमच्यांनी गोळे टाकले, आकार खडबडीत आला, आणि त्या खडबडीत टोकांना भाजून छान रंग आला. मी आता बॅग वापरणार नाही.

शूला तळाची उष्णता सगळ्यात जास्त लागते, कारण आतल्या पाण्याची वाफ झटकन झाली तरच ते पोकळ होतं. तापलेल्या तव्यावर ट्रे, २१० अंशांवर पंधरा मिनिटं, दार अजिबात उघडायचं नाही, मग १८० वर वीस मिनिटं. काढल्यावर प्रत्येकाच्या बाजूला सुरीचं टोक टोचून पाच मिनिटं पुन्हा आत. आतली वाफ निघाली नाही तर बाहेर काढताच बसतात.

ताई आली होती. तिने एक गोळा फोडून आत बघितलं, मग उलटा केला. "तळ कधी बघायचा हे तुझ्याकडून लागलं मला." तिला तवा आणि थेंबाची युक्ती लिहून दिली, तिच्या ओव्हनलाही खालून आच कमी लागते.

६ मार्च

भाग आला, काकांनी बसवून दिला. खालची कॉइल चालू. तेच शॉर्टक्रस्ट, तेच बटाट्याचं सारण, दोन ट्रे : एक नुसत्या जाळीवर, एक गॅसवर तापवलेल्या तव्यावर. दोन्ही २०० अंशांवर.

नुसत्या जाळीवरचा तळ एकसारखा सोनेरी, पण मध्यभाग किंचित मऊ. तव्यावरचा गडद आणि खणखणीत, वेळही पाच मिनिटं कमी. हवेतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा तापलेल्या लोखंडाचा थेट स्पर्श तळाला लवकर कोरडं करतो. आता तवा गॅसवर तापवायची गरज नाही. तो खालच्या जाळीवर ठेवूनच ओव्हन चाळीस मिनिटं आधी लावायचा. वरच्या जाळीचा आडोसा मात्र काढून टाकला.

साखरेची चाचणी नव्याने घेतली. मधल्या जाळीवर आता बटणाचा आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांत फारसं अंतर नाही. पावाचा नकाशाही नवा काढला. डावा मागचा कोपरा अजून गरमच आहे.

९ मार्च

साठवणीची बाजू. रफ पफचे त्रिकोण न भाजता ट्रेवर सुटे गोठवले, कडक झाल्यावर डब्यात भरले. भाजायच्या आधी वितळवायचे नाहीत. वितळताना बाहेर दव धरतं आणि तळ ओला होतो. गोठलेलेच तापलेल्या तव्यावरच्या ट्रेवर ठेवायचे, २१० अंशांवर दहा मिनिटं, मग १९० वर अठरा ते वीस. वरून दुधाचा हात. गोठलेल्या पेस्ट्रीत बटर शेवटपर्यंत घट्ट राहतं, म्हणून पदर ताज्यापेक्षाही उंच उठले.

शॉर्टक्रस्टच्या भरलेल्या पेस्ट्रीला हे तितकं मानवत नाही, सारण मध्यभागी गार राहतं. त्यांची पारी आणि सारण वेगळं गोठवायचं. गरम पाण्याच्या पारीची पाई भाजून गार करून, काप करून गोठवली तर चालते. परत तापवताना मायक्रोवेव्ह नको, तव्यावर मंद आचेवर झाकण न लावता आठ मिनिटं, तळ खाली ठेवून.